विजेचा टेम्पो घेण्यापूर्वी

हिरव्या पाटीच्या गाड्या आता खेड्यांतूनही दिसू लागल्या आहेत. गाडीच्या नंबराची पाटी हिरवी असली की समजावे, ही गाडी विजेवर चालते. हिरव्या पाटीवर अक्षरे पिवळी असतील तर गाडी भाड्याच्या धंद्याची. अक्षरे पांढरी असतील तर घरची. हा नियम २०१८ सालापासून आहे.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण टेम्पो चालवतात. कोणी दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत, कोणाचा स्वतःचा आहे. डिझेल-पेट्रोलचा खर्च कोणाला चुकत नाही. म्हणून पुष्कळांच्या मनात येते, विजेचा टेम्पो घ्यावा काय? कर्ज काढावे काय? प्रश्न लाख-दोन लाखांचा आहे, आणि हप्ता चुकला तर गाडीही जाते. तेव्हा सही करण्यापूर्वी ही गाडी समजून घेऊ या.

तुमच्या घरी विजेचे बिल येते. त्यावर युनिट लिहिलेले असतात. एक हजार वॅटची शेगडी एक तास चालली की एक युनिट वीज जळते. विजेच्या गाडीची बॅटरी याच युनिटांत मोजतात. जशी डिझेलची टाकी लिटरांत, तशी बॅटरी युनिटांत.

एक उदाहरण घेऊ. टाटा कंपनीने जून २०२५ मध्ये एस प्रो नावाचा छोटा टेम्पो काढला. तो पेट्रोलवरही मिळतो व विजेवरही. विजेच्या टेम्पोची बॅटरी १४.४ युनिटांची आहे. तो ७५० किलो माल नेतो. बाजारात आला तेव्हा पेट्रोलच्या टेम्पोची किंमत ३ लाख ९९ हजारांपासून होती, विजेच्या टेम्पोची ६ लाख ५० हजारांपासून. हे आकडे पुढे हिशेबाला लागतील, लक्षात ठेवा.

आता १४.४ युनिट म्हणजे किती? एक लिटर डिझेल जाळले तर त्यातून सुमारे दहा युनिट शक्ती निघते. म्हणजे ही सगळी बॅटरी मिळून दीड लिटर डिझेलएवढीसुद्धा नाही! दीड लिटरची टाकी घेऊन कोणी शंभर किलोमीटरला निघेल काय? पण विजेची गाडी निघते आणि पोचतेही. याचे कारण असे. डिझेलच्या इंजिनात दहापैकी तीनच भाग चाकांपर्यंत पोचतात. बाकीचे उष्णतेत व धुरात जातात. बॉनेट का तापते, ते यावरून कळेल. विजेची मोटर दहापैकी आठ-नऊ भाग कामाला लावते.

म्हणजे विजेची गाडी काटकसरी आहे, पण तिची टाकी लहान आहे. या गाडीचे सारे गुण आणि सारे दोष या एका गोष्टीत आहेत. मोठ्या टाकीच्या गाडीला ड्रायव्हरची चार-पाच किलोमीटरची चूक पचते. लहान टाकीच्या गाडीला ती पचत नाही.

दुकानात गेलात की विक्रेता सांगतो, "एका चार्जिंगला दीडशे किलोमीटर." तो खोटे बोलत नाही. वर सांगितलेल्या टेम्पोच्या कागदावर १५५ किलोमीटर असे लिहिलेले आहे. पण हा आकडा कोठून आला ते पाहा. गाडीची परीक्षा चाचणीशाळेत होते. गाडीची चाके मोठ्या रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, गाडी जागच्या जागी राहते. ठरलेल्या वेगाने, ठरलेला वेळ ती चालवतात. वेग बेताचा असतो. तेथे चढ नाही, समोरचा वारा नाही, खड्डा नाही, आणि "गुरुजी, दोन पोती जास्तीची टाकू द्या की" म्हणणारा कोणी नाही. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका मापाने मोजता याव्यात म्हणून ही परीक्षा घेतात. तुमच्या रस्त्याचा तो आकडा नव्हे.

आम्ही शाळेत असताना काही मुले वर्गात पाढे धडाधडा म्हणत, पण बाजारात पाठवले की सुट्ट्या पैशांत चुकत. तसेच आहे हे.

आमचा एक जुना विद्यार्थी सासवडच्या बाजूला राहतो. त्याने असा एक छोटा विजेचा टेम्पो घेतला. कोणत्या कंपनीचा ते येथे सांगण्याचे कारण नाही. पुरंदर तालुक्यातले अंजीर आणि सीताफळ प्रसिद्ध आहेत. हा मुलगा पहाटे शेतकऱ्यांचा माल भरून पुण्याच्या मार्केट यार्डात नेतो. जाण्याचे तीस किलोमीटर, येण्याचे तीस. तीन महिने सगळे सुरळीत चालले. संध्याकाळी घरी आला तरी बॅटरीत निम्म्याच्या आसपास वीज उरलेली असे. मग त्याला वाटले, एवढी वीज फुकट का ठेवायची?

एके दिवशी यार्डात माल उतरवल्यावर त्याने पिंपरीचे भाडे घेतले. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर झाले. परत यार्डाजवळ आला तेव्हा काट्यावर ४० टक्के होते आणि पडद्यावर लिहिले होते, अजून ४८ किलोमीटर जाईल. घर तीस किलोमीटरवर. त्याने हिशेब केला, अठरा किलोमीटर जास्तीचे आहेत. मग एका माणसाने जेजुरी रस्त्यासाठी फरशी भरायला सांगितले. भाडे चांगले होते. फरशी टनभराच्या वर भरली. गाडीची ताकद पाऊण टनाची.

दिवे घाटाच्या पायथ्याशी तो आला तेव्हा २० टक्के उरले होते. पडदा म्हणत होता २२ किलोमीटर. अर्ध्या घाटात ९ टक्के झाले, आणि पडदा म्हणाला ५ किलोमीटर! त्यानंतर गाडीने आपण होऊन वेग कमी केला. घाटमाथ्याच्या अलीकडे ती उभीच राहिली. रात्रीचे नऊ वाजले होते. मागून डंपर येत होते. त्याने चाकांना दगड लावले, झाडाची फांदी तोडून मागे रस्त्यावर ठेवली, आणि घरी फोन केला.

विजेच्या गाडीला बाटलीतून वीज आणून घालता येत नाही. दुसऱ्या गाडीला दोर बांधून, चाके जमिनीवर ठेवून ओढणेही बरे नव्हे. चाके फिरली की मोटरही फिरते आणि बिघाड होऊ शकतो. सपाट पाठीच्या गाडीवर चढवून न्यावी लागते. ती गाडी येईपर्यंत रात्रीचा एक वाजला. तिचे भाडे फरशीच्या भाड्याच्या तिप्पट झाले. घरी चार्जिंग लावले, पण पहाटे चारपर्यंत बॅटरी निम्मीही भरली नाही. अंजीर एक दिवस थांबत नाही. शेतकऱ्यांनी माल दुसऱ्या टेम्पोत भरला, आणि त्यांतले दोघे पुन्हा या मुलाकडे आलेच नाहीत.

तो आमच्याकडे आला तो रागातच. "गुरुजी, गाडीने फसवलं. अठ्ठेचाळीस दाखवत होती!"

आम्ही म्हटले, "अरे बाबा, आकडे सांग आधी." त्याने सांगितले, आम्ही कागदावर मांडले.

पडद्यावरचे किलोमीटर हा गाडीचा अंदाज असतो. मागच्या काही किलोमीटरांत किती वीज लागली, ते पाहून ती पुढचे सांगते. पिंपरीहून येताना टेम्पो रिकामा होता, रस्ता सपाट होता. त्या हिशेबाने ४८. पुढे घाट आहे आणि पाठीवर टनभर फरशी चढणार आहे, हे गाडीला काय माहीत? म्हणून टक्क्यांकडे पाहावे. टक्के म्हणजे टाकीत उरलेला माल. किलोमीटर म्हणजे गाडीचा तर्क.

आता घाटाचा हिशेब. एक युनिट विजेत एक टन वजन सरळ वर सुमारे ३६७ मीटर उचलण्याइतकी शक्ती असते. दिवे घाटात पुण्याच्या बाजूपेक्षा आपण सुमारे दोनशे मीटर वर येतो. टेम्पो आणि फरशी मिळून दोन टनांच्या वर वजन होते. म्हणजे नुसते वर उचलण्यालाच एक युनिटाहून थोडी जास्त वीज गेली. मोटरीत वाया जाणारी आणि रस्त्यावर चाके घासण्यात जाणारी मिळवली तर दोन युनिटांच्या पुढे. २० टक्के म्हणजे त्याच्याकडे जेमतेम तीन युनिट होते. शेवटच्या थोड्या विजेवर गाडी पूर्ण जोर लावत नाही, बॅटरी जपण्यासाठी हात आखडते. मग उभी राहणारच.

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच घाटाने वर येते. तेव्हा रथाला जादा बैलजोड्या लावतात. घाट चढला की त्या सोडतात. आपल्या मोटरीला जादा बैल मिळत नाहीत. त्याच दीड लिटरच्या टाकीतून सगळे काढायचे.

पण घाट हा शत्रूच आहे असे समजू नका. उतरताना हीच मोटर उलटे काम करते. सायकलचा डायनमो तुम्ही पाहिला असेल. चाक फिरले की दिवा लागतो. तसेच उतारावर चाके मोटरीला फिरवतात आणि वीज परत बॅटरीत जाते. चढताना घातलेली सगळी मिळत नाही, पण बराच भाग मिळतो. ब्रेकही कमी झिजतात. आता या मुलाचे रोजचे काम पाहा. पहाटे भरलेला टेम्पो घाट उतरतो, संध्याकाळी रिकामा टेम्पो घाट चढतो. ओझे उतरताना वीज मिळते, हलके असताना चढ येतो. विजेच्या गाडीला याहून चांगला रस्ता सांगून सापडायचा नाही. गाडीने त्याला तीन महिने फसवले नव्हते. त्या दिवशी त्याने तिला उलट्या दिशेने ओझे दिले. हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो गप्प बसला, मग म्हणाला, "हे दुकानात कुणी सांगितलं नाही." ते मात्र खरे आहे.

यात एक बारकी गोष्ट आहे. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर उतारावरची वीज घ्यायला तिच्यात जागाच नसते. मग मोटरीची रोख कमी होते आणि ब्रेकवर भार पडतो. ज्याचे घर अगदी घाटमाथ्यावर आहे त्याने पूर्ण न भरता थोडी रिकामी ठेवून निघावे. सासवडहून घाट काही किलोमीटर दूर आहे, तेवढ्यात जागा होते.

वजन आणि चढ यांच्याइतकाच वेग महत्त्वाचा. गाडी वाऱ्याला ढकलत जाते. वेग वाढला की वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठाच्या ऐवजी ऐंशीने गेलात तर वाऱ्याचा विरोध पाऊणपटीहून जास्त वाढतो. डिझेलच्या गाडीतही हे होते, पण टाकी मोठी म्हणून कळत नाही. टपावर उंच कॅरेट रचले किंवा ताडपत्री फडफडत ठेवली तरी वारा धरतो. चाकांत हवा कमी असेल तर तेही विजेवरच बसते. आमच्या समजुतीप्रमाणे ताडपत्री घट्ट बांधणे आणि दर आठवड्याला हवा तपासणे, या दोन गोष्टींना एक पैसा लागत नाही, आणि म्हणूनच त्या कोणी करत नाही.

आता पैशांकडे येऊ. गाडीतल्या युनिटांपेक्षा मीटरवर जास्त युनिट पडतात, कारण भरताना चार्जर आणि बॅटरी तापतात व थोडी वीज त्यात जाते. १४.४ युनिटांची बॅटरी रिकामी होऊन भरली तर मीटरवर साधारण १६ पडतील असे धरा. वीज समजा १० रुपये युनिट. म्हणजे १६० रुपये. कागदावर १५५ किलोमीटर असले तरी खऱ्या रस्त्यावर १०५ धरू. किलोमीटरला दीड रुपया पडला.

पेट्रोलचा तसाच टेम्पो लिटरला साडेसतरा किलोमीटर जातो आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असे समजा. किलोमीटरला सहा रुपये पडले. फरक साडेचार रुपये.

हा मुलगा रोज ६० किलोमीटर चालतो. महिन्यात २५ दिवस म्हणजे १,५०० किलोमीटर. बचत ६,७५० रुपये. दोन टेम्पोंच्या किमतीत फरक होता २ लाख ५१ हजारांचा. भागून पाहा. तीन वर्षे आणि एक-दोन महिन्यांत फरक फिटतो. कर्जाचे व्याज धरले तर आणखी काही महिने. त्यापुढची बचत घरात. मात्र ज्याचा टेम्पो रोज ३० किलोमीटरच चालतो त्याला तोच फरक फेडायला सहा वर्षांहून जास्त लागतील. आणि ज्याला रोज १४० किलोमीटर जायचे आहे, त्याची बचत कागदावर फार दिसते, पण गाडी तेवढी जाणारच नाही. दुपारी कोठे तरी उभी करून भरावी लागेल, आणि बाहेरच्या चार्जरवर वीज घरच्यापेक्षा बहुधा महाग असते.

म्हणून वाचकहो, गाडी बघायला जाण्याआधी एक वही करा. महिनाभर रोज किती किलोमीटर चाललो, किती वजन होते, परत येताना रिकामे की भरलेले, ते लिहा. ज्या दिवशी सर्वांत लांब गेलात तो दिवसही लिहा. आमच्या हिशेबातले वीज-पेट्रोलचे भाव खोडून तुमच्या गावचे भाव घाला. विक्रेत्याला म्हणा, भरलेली गाडी आमच्या रस्त्यावर एकदा चालवू दे. निघताना टक्के लिहा, पोचल्यावर लिहा. नकार दिला तर घाई करू नका.

घरची वीजही पाहिली पाहिजे. हा टेम्पो साध्या मोठ्या पिनच्या सॉकेटवर भरतो, पण सहा तासांच्या आसपास लागतात. त्या सहा तासांत वीज गेली तर? ज्या गावात रात्रीचे भारनियमन असते, तेथे ही गाडी घेणे म्हणजे बैल घेऊन वैरण न ठेवणे होय. वायर जाड हवी. अर्थिंग चांगले हवे, नाही तर चार्जर वीज घेतच नाही, आणि घेतली तर धोका असतो. एक्स्टेन्शन बोर्ड लावून अंगणात वायर सोडणे अगदी बंद. पावसाळ्यात पोरेबाळे फिरतात तेथे. महावितरणच्या वायरमनला दाखवून स्वतंत्र सॉकेट बसवून घ्यावा. काही छोट्या टेम्पोंना बाहेरचा जलद चार्जर चालत नाही. तेही आधीच विचारावे.

हमीपत्र घरी आणून वाचावे. बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची, दोन्ही पाहावे. जे आधी संपेल तेथे हमी संपते. बॅटरी दरवर्षी थोडी थोडी म्हातारी होते. आज १०५ किलोमीटर जाणारी गाडी काही वर्षांनी तेवढी जाणार नाही. म्हणून रोजचे काम नव्या गाडीच्या पल्ल्याच्या काठावर आणून ठेवू नये.

काही वाचक शहरात मोठ्या मोटारींवर ड्रायव्हर म्हणून नोकरीस आहेत. उंच, जीपसारख्या त्या गाड्यांना एसयूव्ही म्हणतात. त्यांनाही हाच नियम. टाटांची नेक्सॉन २०२० साली विजेवर आली, तेव्हा तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि कागदावर पल्ला ३१२ किलोमीटर. मालकांना रस्त्यावर साधारण दोनशेच्या आसपास मिळे. यावरून पुष्कळ बोलणी झाली. पुढे २०२४ साली ४५ युनिटांच्या नेक्सॉनला चाचणीशाळेचा आकडा ४८९ किलोमीटर मिळाला, पण त्याच्याबरोबर कंपनीने स्वतःच सांगितले की खऱ्या रस्त्यावर ३५० ते ३७० धरा. हे आम्हाला आवडले. सगळ्या कंपन्यांनी, आणि टेम्पोवाल्यांनी तर नक्कीच, असे दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत.

मोठ्या गाडीचे तोंड रुंद, म्हणून वारा जास्त. समृद्धी महामार्गावर शंभराच्या वर पळवली की टक्के भराभर उतरतात. गावात हळू चालवताना उलट होते. वेग कमी म्हणून वारा कमी, पण उन्हात गर्दीत उभे असताना गारव्याचे यंत्र तासाला एक-दीड युनिट खाते. साहेबांना घ्यायला गेलात आणि दोन तास यंत्र चालू ठेवून आत झोपलात, तर दहा-पंधरा किलोमीटर झोपेत गेले! चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई या गाडीत ७९ युनिटांपर्यंतची बॅटरी येते. ती साध्या सॉकेटवर भरायला एक दिवस-रात्रही पुरणार नाही. तिला घरी मोठा चार्जरच बसवावा लागतो.

अमेरिकेतही वेगळे नाही. तेथे २०२२ साली फोर्ड कंपनीने लाइटनिंग नावाची विजेची ट्रक काढली. तिची मोठी बॅटरी १३१ युनिटांची, म्हणजे आपल्या टेम्पोच्या नऊपट. कागदावर पाचशे किलोमीटरच्या वर. लोकांनी तिला मागे घराएवढी उंच गाडी जोडून ओढून पाहिली, तर पल्ला निम्म्यावर आला. मोठ्या बॅटरीलाही वजन आणि वारा सुटत नाही. आणि मोठी बॅटरी स्वतःच जड असते, तिचे ओझेही तिलाच वाहावे लागते.

याउलट आपल्याकडे न्हावाशेवाच्या बंदरात २०२५ साली विजेचे मोठे ट्रक कंटेनर ओढायला लागले. त्यांची रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवतात. बंदरातला रस्ता ठरलेला, अंतर थोडे, आणि बॅटरी बदलायची जागा जवळ. अंजिराच्या टेम्पोसारखेच ते काम आहे, फक्त मोठे.

आमच्या त्या विद्यार्थ्याने टेम्पो विकला नाही. हप्ता चालू आहे. गेलेल्या दोन शेतकऱ्यांपैकी एक परत आला. काचेजवळ त्याने एक पुठ्ठा चिकटवला आहे. त्यावर जाड अक्षरांत लिहिले आहे: "घाटाखाली ३५ टक्के. कमी असेल तर चढायचं नाही." फरशीला तो आता सरळ नाही म्हणतो. पुण्यातले एखादे भाडे घेतो, पण हलक्या मालाचे, आणि आधी टक्के पाहून.

परवा आला होता. धाकट्या भावासाठी दुसरा टेम्पो घ्यायचा विचार आहे म्हणाला. भावाला नीरा-लोणंदकडचे कांद्याचे काम मिळते आहे. आम्ही विचारले, "रोज किती किलोमीटर?" म्हणाला, "ठरलेलं नाही, गुरुजी. कधी चाळीस, कधी दीडशे." त्याला वही देऊन परत पाठवले आहे. महिनाभराने ये म्हटले.